मावशींना जमलं तर पास

घरबसल्या शिकायचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या त्या कार्यालयात नियम बेचाळीस होते. आवाज स्वच्छ हवा, अक्षरं मोठी हवीत, शंका विचारायची सोय हवी, असे एकेक. पण अभ्यासक्रम बनवणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं ते शेवटच्या नियमाला. त्या विषयातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला नुसता धडा पाहून काम जमलं पाहिजे! हा माणूस म्हणजे कार्यालयातल्या शिपाई मावशी. शाळा चौथीतच सुटलेली. एरवी फायली उचलायच्या, पण शनिवारी तपासणीच्या खुर्चीत बसायच्या, आणि भलेभले पदवीवाले त्यांच्या तोंडाकडे बघत ताटकळायचे. अकरा वर्षांत मावशींना त्या खुर्चीइतकं काहीच आवडलं नव्हतं. का आवडू नये?

त्या शनिवारी धडा होता जळालेलं बटण बदलण्याचा. तो बनवणारा वायरमन दाराशी घाम पुसत उभा. मावशींनी धडा दोनदा पाहिला, उठल्या, मेन स्विच बंद केला आणि भिंतीवरचा बोर्ड उघडला. जुनं बटण काढलं, नवं बसवलं, स्क्रू आवळले. मेन चालू केला, बटण दाबलं. दिवा लख्ख लागला!

"लागला की हो!" मावशी आनंदाने ओरडल्याच. टाळ्या पडल्या. वायरमनचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी मंजुरीचा शिक्का उचलला.

मावशींच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. मेन बंद करा, असं धड्यात कुठे म्हटलं होतं? कुठेच नाही. ते त्या शिकल्या होत्या मागच्या वर्षी, पंपदुरुस्तीचा धडा तपासताना. खरोखर नवखा माणूस असता तर बोर्डालाच चिकटला असता. आणि हे बोललं की आपली खुर्ची गेली, हेही त्यांना तिथल्या तिथे कळलं.

"थांबा साहेब! मेन बंद करायचं यांनी सांगितलंच नाही. मी आपल्या मनाने केलं."

वायरमनने धडा पुन्हा लावून ऐकला आणि कपाळावर हात मारला. "वीस वर्षं हात आपोआप तिकडे जातो हो. सांगायचं सुचलंच नाही!" तो तसाच नवा धडा बनवायला पळाला.

"पण मावशी, तुम्हाला हे ठाऊक कसं?" साहेब चक्रावले.

"अहो, अकरा वर्षं शिकतेय की मी इथे!" मावशींनी खुर्ची मागे सरकवली. जिवाला लागत होतं, पण हसू काही आवरेना. "आता दुसरं कोणी अडाणी शोधा, साहेब. मी नाही राहिले."