सुई अडकायची ती जागा
ओल लागलेल्या पुठ्ठ्याचा वास आला की मला आमचं महाडचं घर आठवतं, आणि त्याबरोबर भावजयीवरचा रागही. पुठ्ठ्याच्या पाकिटांतल्या बाबांच्या रेकॉर्डना हात लावायची मुभा घरात फक्त मला होती. रेकॉर्ड मलमलने पुसणं, सुई अलगद टेकवणं आणि एका गाण्यात ती नेहमी अडकायची तिथे उठून जराशी पुढे सरकवणं, ही लहानपणापासून माझी कामं. मग भावाचं लग्न झालं आणि मुंबईहून वहिनी आली, ती कॉम्प्युटर घेऊनच. सावित्री नदीचं पाणी कधी घरात शिरेल नेम नाही, सगळ्या रेकॉर्ड सीडीवर उतरवून ठेवू, असं ती म्हणाली, आणि बाबांनी कपाटाची किल्ली सरळ तिच्या हातात दिली. आठवडाभर ते तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. "सुनेचा हात बघ किती हलका हाय," हे वर मलाच सांगायचे. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटायचे, तर ती म्हणायची, "ताई, जरा हळू, सुई उडते." शेवटी सीडी लागली. खरखर कुठेच नव्हती, आणि गाणं अडकायचं ती जागाही तिने सफाईने कापून जोडली होती. पण तिथे येताच बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "सुई सरकव गो." गाणं केव्हाच पुढे गेलं होतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, अगदी आठवडाभर मी तिच्याकडे बघत होते तसंच. आता बाबा नाहीत. परवा तिने ते गाणं मला मोबाईलवर पाठवलं, आणि त्या जागी मी उठून उभी राहिले. तिला मात्र हे सांगितलं नाही, सांगणारही नाही.