टिकल्या लावलेला जपानी कीबोर्ड

धुळ्यात पहिला कॉम्प्युटर मी आणला, असं मी सगळ्यांना सांगतो. माझ्याआधी आणणारे बरेच जण आहेत, पण ते सज्जन असल्यामुळे वाद घालत नाहीत. कीबोर्डच्या बाबतीत मात्र माझा दावा अख्ख्या खानदेशात कुणीही खोडून दाखवावा. माझा कीबोर्ड जपानी होता.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो आणि नानांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या, रस्त्याकडच्या खोलीत क्लास काढला. मशीन मुंबईच्या जुन्या बाजारातलं. त्यासोबत आलेल्या कीबोर्डवर प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या बुडाशी एकेक जपानी अक्षर, जणू कोंबडीचं पिल्लू शाईत पाय बुडवून फिरून गेलंय. बघायला इतकी माणसं लोटली की आग्रा रोडवरचे ट्रक खोळंबले. बरं, ट्रक नसतील, सायकली तर नक्कीच.

अडचण अशी, की आपल्याला जपानी कीबोर्ड जोडलाय हे त्या मशीनला माहीतच नव्हतं. ते आपलं इंग्रजीच धरून चाललेलं. ए-बी-सी-डी सरळ उमटायची. चिन्हं मात्र फितूर. कंस दाबावा तर चांदणी उमटायची, अधिक दाबावं तर एकावर एक दोन ठिपके. खरा अधिक भलत्याच बटणात दडलेला. शेवटी थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, पाकिटातल्या टिकल्या उचलल्या. जिथे खरा अधिक, तिथे लाल टिकली. जिथे खरे कंस, तिथे हिरव्या. कीबोर्ड नव्या नवरीसारखा दिसायला लागला, पण काम चोख.

नानांच्या मनात मात्र त्या खोलीत पिठाची गिरणी होती. गिरणीवाला येऊन मापं घेऊनसुद्धा गेला होता. नानांनी मला एकच संधी दिली.

“दसऱ्याले माले कापूसना वजननी बेरीज करीसन दखाड. जमनी तं खोली तुनी. नही तं गिरणी.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा. विळा, कुऱ्हाड, नानांचा तराजू आणि शेवटी माझा कीबोर्ड. पूजेआधी सगळं धुऊनपुसून घेण्याचं काम अक्काचं. दसऱ्याच्या सकाळी नाना गिरणीवाल्यालाच घेऊन आले. मी झेंडूची माळ बाजूला केली. टिकल्या होत्या, पण रांगोळी घातल्यासारख्या. मधोमध लाल, दोन्हीकडे हिरव्या, कोपऱ्यात हळदीकुंकू.

“अक्का, हे काय केलंस?”

“काय केलं म्हणजे? ओल्या फडक्यानं पुसताना निघाल्या, परत लावल्या. तू तर कुठेही चिकटवल्या होत्यास. आता बघ, दोन्हीकडे सारख्या.”

“अगं, त्या खुणा होत्या!”

“टिकलीची खूण कोण करतं रे? मी कपाळाला लावते ती काय बेरजेला?”

मी लाल टिकली दाबली, एच उमटला. हिरवी दाबली, एस. छापलेला अधिक दाबला, ठिपके. गिरणीवाला भिंतीकडे बघत गोड आवाजात म्हणाला, “भाऊ, जातं या बाजूला बसवू का त्या?”

घाम असा फुटला की पांझरेला पूर यावा. तेवढ्यात जळगावचे आमचे सर आठवले. कोर्समध्ये ते आमच्या हातांवर टॉवेल टाकायचे आणि ओरडायचे, “बघू नका! बोटांना कळतं!” तिथला कीबोर्ड साधा इंग्रजी होता. म्हणजे माझी बोटं इंग्रजी, मशीनही इंग्रजी; घोळ घालत होते ते फक्त माझे डोळे.

“नाना, उपरणं द्या जरा.”

“काबरं?”

“द्या तर खरं!”

उपरणं कीबोर्डवर टाकलं, हात आत घातले, नजर समोरच्या पडद्यावर. नाना वजनं सांगत गेले, मी टाइप करत गेलो. कंस उघडला, अधिक पडला, कंस मिटला. बेरीज झळकली. नानांनी आधीच ती तोंडी करून ठेवली होती. ओठ हलवत पुन्हा एकदा केली.

“बरोबर शे,” ते म्हणाले. मग उपरण्याचं टोक उचलून आत डोकावले, मला वाटतं माणूस लपवलाय का ते बघायला. आणि गिरणीवाल्याकडे वळले. “न देखता जो पोऱ्या बठ्ठी बेरीज करस, त्याले खोली नही देवानी तं कोनले देवानी?”

गिरणीवाला मनाचा मोठा. मागच्या गल्लीत त्यानं गिरणी टाकली आणि आठवडाभरात मुलीला माझ्याकडे शिकायला पाठवलं. पोरगी पहिल्याच दिवशी घरून पंचा घेऊन आली. बापानं सांगितलं होतं, धुळ्यात कॉम्प्युटर झाकूनच चालवतात.