चाळलेला भुसा

आमचं सुतारकामाचं दुकान रोह्यात, घराला लागूनच. रंधा चालला की लाकडाची कुरळी सालं ढिगाने पडतात. सगळे त्याला भुसाच म्हणतात. मी तो बंबात घालायचे. शेजारीण आंब्यांच्या आढीसाठी न्यायची, गॅरेजवाला सांडलेल्या तेलावर टाकायला. त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. वाटलं ते गडब गावच्या बाईचं.

ती ह्यांच्या वर्गातली. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा, आणि तिने घरामागे कोंबड्या पाळल्या होत्या. पिल्लांखाली अंथरायला तिला भुसा लागायचा. दर रविवारी हे दोन गोण्या स्कूटरवरून पोचवायचे. भरण्याआधी चाळणीने चाळायचे, कारण बारीक धूळ पिल्लांच्या नाकात जाते. तीच धूळ वर्षानुवर्षं माझ्या स्वयंपाकघरात येत होती, पण मधलं दार ओढून घ्यायचं ह्यांना कधी सुचलं नव्हतं. शिवाय मी ह्यांना अहो म्हणते, आणि ती फोनवर सरळ अरे म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात हे तापाने पडले. मला म्हणाले, गोण्या तू भर, टेम्पोवाला नेईल. पत्र्याखालच्या कोपऱ्यात गळतीने भिजलेला ढीग होता, त्याला आंबूस वास येत होता. मी तोच भरला आणि वर चार ओंजळी कोरडा पसरला.

आठवड्याने तिचा फोन आला. पिल्लं घरघरत होती, अकरा मेली होती. भुशाला बुरशी धरलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ह्यांना वाटलं, ढीग आपणच गळतीखाली ठेवला, म्हणजे चूक आपली. अंगात अजून त्राण नव्हतं तरी निघाले. मीही मागे बसले.

तिने चहा टाकला. हे मान खाली घालून माफी मागायला लागले, ते मला ऐकवेना.

"भुसा मी भरला होता," मी म्हणाले. "ओला होता, ते मला माहीत होतं."

ती कपात चहा ओतत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मला वाटलंच, वहिनी. त्याचा भुसा असा नसतो."

चार शिव्या दिल्या असत्या तर मी निमूट ऐकून घेतल्या असत्या. पण हे ऐकलं आणि अकरा पिल्लांचा जीव घेऊन बसलेली मी पुन्हा आतून जळले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि गोणीत हात घालून भुसा ह्यांच्या हातचा की नाही, हे मला ओळखता आलं नसतं.

दोन दिवसांनी हे जेवताना म्हणाले, "मला बोलायचंस ना. मी रविवारचा गेलोच नसतो." मला काय ते हवं होतं? मग काय हवं होतं, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. मी ह्यांना भात वाढला.

ती आता पेणच्या एका वखारीतून भुसा आणते. नव्या पिल्लांचे फोटो ह्यांच्या मोबाईलवर येतात. हे मला दाखवतात. मोठी झाली की, असं मी म्हणते, आणि मोबाईल परत द्यायला जरा वेळ लावते.