रेघेपुरता उजेड

मामा दिव्यांच्या दुकानात जाताना सदऱ्याच्या खिशात लाकडाची एक ढलपी घेऊन जायचे. वीतभर लांब, रंधा मारून गुळगुळीत केलेली, आणि तिच्यावर पेन्सिलीने ओढलेली एक बारीक रेघ. दुकानदाराने कोणताही दिवा दाखवला तरी मामा त्याची कंपनी विचारत नसत की वॉरंटी विचारत नसत. "पेटव," एवढंच म्हणत. मग ढलपी दिव्याखाली धरायची, मान तिरकी करायची, पुन्हा सरळ करायची आणि म्हणायचं, "दुसरा दाव." सगळं दुकान पेटवून झालं की तो बिचारा म्हणायचा, "मिस्त्री, आता निस्ती माझ्या दुकानाची पाटी राह्यली." मामा गंभीरपणे पाटीकडेही एकदा बघून घेत.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. घोडेगावात मात्र त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, कारण पंचक्रोशीत त्यांच्या हातच्या पाळण्यांना तोड नव्हती. बाजाराच्या दिवशी म्हैस विकायला आलेला माणूस परत जाताना टेम्पोत पाळणा टाकून गेला, असं मी कितीदा तरी पाहिलंय. घरामागे पत्र्याची एक खोली होती, तोच त्यांचा कारखाना. ते नसताना त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि ते असताना टाकलं तर उजेडात उभं राहायचं नाही.

मी नगर शहरातली, त्यात फटकळ. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात भांडायला मला मामाच मिळाले, आणि त्यांनीही कधी निराश केलं नाही. एकदा मी चहा घेऊन गेले आणि नेमकी दिव्यापुढे उभी राहिले. ते म्हणाले, "सूनबाय, तुजी सावली माज्या रेघंवर बसलीय. उचल तिला." मी म्हटलं, "उचलते, पण मग चहा कोण आणणार, सावली का?" ते हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. मिशा हलल्या की मी जिंकले, असा आमचा हिशोब होता.

उजेडाबाबत त्यांची मतं पक्की होती. डोक्यावर दिवा नको, कारण आपलीच टाळू कामावर सावली पाडते. उजेड डाव्या अंगाने यावा, कारण हत्यार उजव्या हातात असतं. फार पांढरा उजेड लाकडाचं पाणी, म्हणजे त्याची झळाळी, मारतो, फार पिवळा उजेड पेन्सिलीची रेघ खातो. "मला लग्नाचा मांडव न्हाई उजळायचा," ते म्हणत, "रेघंपुरता उजेड पायजे. बास." एवढं साधं मागणं, पण ते पुरवता पुरवता आमचे हे टेकीस आले. आधी बल्ब होता, तो जाऊन ट्यूब आली. एक ट्यूब पुरेना म्हणून दोन बाजूंना दोन झाल्या. मग मान वाकवता येणारा टेबलावरचा दिवा आला. काही दिवस तो नवा दिवा गुणी ठरायचा. मग एक दिवस मामा म्हणायचे, "ह्येच्यात दम न्हाई राह्यला," आणि पुन्हा ढलपी खिशात जायची.

यात माझी मात्र चंगळ झाली. कारखान्यातून बाद झालेला प्रत्येक दिवा घरात यायचा. ट्यूब ओट्यावर लागली, बल्ब न्हाणीत गेला, एक देवापाशी लागला. पूर्वी मी तांदूळ निवडायला अंगणात जाऊन बसायची, आता भर स्वयंपाकघरात खडा दिसू लागला. मामांनी टाकून दिलेल्या उजेडावर आमचं सगळं घर लख्ख झालं. शेजारीण म्हणायची, "तुमच्या घरात रोज दिवाळी." एका कारखान्यातच काय ती उजेडाची बोंब होती.

मामांना समोरून आलेला माणूस कळायचा, पण बाजूने आलेला कळायचा नाही. दाराची चौकट खांद्याला लागायची. अंगणातल्या बादलीला पाय अडखळला की, "ही कुनी हितं ठिवली?" बादली मी लग्न होऊन आल्यापासून तिथेच होती. आम्हाला वाटायचं, माणूस कामात बुडालेला आहे.

अशात मंदाताईंना दिवस राहिले. मंदाताई म्हणजे माझी नणंद, मामांची एकुलती एक लेक. आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एका गावात दिलेली. लग्नाला वर्षं लोटली होती. नवस झाले, दवाखाने झाले, लोकांचं बोलून झालं. जगाच्या लेकरांना पाळणे देणाऱ्या माणसाच्या लेकीचं घर रिकामं, हे गावाने कुजबुजून म्हटलेलं मामांच्या कानावर आलेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. बाराव्या दिवशी बारसं, आणि मग लेक बाळाला घेऊन सासरी जाताना माहेरचा पाळणा सोबत द्यायचा, ही आमची रीत. मामांनी माळ्यावरून सागाच्या फळ्या काढल्या. त्या त्यांनी मंदाताईंच्या लग्नाच्या वेळीच आणून ठेवल्या होत्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. नुसत्या फडक्याने पुसताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला थट्टा सुचली नाही.

पाळण्याच्या कठड्याला दांडे असतात. खालच्या पट्टीवर रेघ ओढायची, रेघेवर सारख्या अंतराने भोकं पाडायची आणि त्यात दांडे बसवायचे. मामा म्हणायचे, "अंतर चुकलं तर लेकराचा पाय अडकंल." ते हजार पाळण्यांत चुकलं नव्हतं. मंदाताई माहेरी आल्या त्या आठवड्यात मामांनी पहिली पट्टी केली आणि मला दिसली ती चुलीशेजारी, जळणात. भोकं रेघ सोडून नागमोडी गेली होती. दुसरी पट्टीही जळणात आली. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "उजेडच नीट न्हाई. मानूस काय करनार?"

मग ते स्वतः एसटीने नगरला गेले आणि मंडपात लावतात तसला फोकस घेऊन आले. वायरमन बोलावून तो डाव्या भिंतीला ठोकला. बटण दाबलं तेव्हा खोलीत असा लखलखाट झाला, की मी पदर डोळ्यांवर घेतला. बाहेर कोंबड्या ओरडू लागल्या. मामा पट्टीवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "अजून कमीच पडतोय."

मी पदर काढलाच नाही. पदराच्या विणीतूनसुद्धा मला समोरची रेघ काळीभोर दिसत होती. मी म्हटलं, "मामा, उजेड पुरेसा आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मी एक बोलले तर ते दोन बोलायचे. त्या दिवशी त्यांनी ढलपी खिशातून काढली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि बाकावर ठेवून दिली. म्हणाले, "बंद कर त्यो फोकस. डोळ्यात जातोय तुज्या."

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. यात डोळ्यामागची शीर सुकत जाते, कडेने अंधार आत येत राहतो. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने धरून ठेवायची, तीही किती दिवस धरता येईल सांगता येत नाही. मामांनी विचारलं, "पाळन्यापुरती टिकंल का?" डॉक्टर तरुण होते. त्यांनी मामांच्या हातावर नुसता हात ठेवला.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले. पांढरीपूल गेल्यावर म्हणाले, "जलमभर शिकणाऱ्या पोरान्ला म्हनत आलो, नाचता येईना अंगन वाकडं. आता दुकानदाराला कोणत्या तोंडानं भेटू? त्येचे सगळे दिवे चांगलेच हुते की." आणि त्यांच्या मिशा हलल्या. मी मात्र बसमधल्या चार बायकांदेखत रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कारखान्यात हाक मारली. त्यांच्या बाकासमोर माझ्यासाठी पाट मांडलेला. हातात टोकदार खिळा आणि पट्टी देऊन म्हणाले, "सूनबाय, रेघ वढू नको. कोर. मंग मला बोटाला दिसंल." मी कोरली. वाकडी झाली. "ही रेघ हाय का घोडेगावचा वढा?" पुन्हा कोरली. मला भाकरी गोल थापता येते याचा केवढा गर्व, पण सरळ रेघ कोरताना घाम फुटला. अखेर एक जमली. मामांनी अंगठ्याचं नख त्या खाचेत ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, भोकांच्या खुणा चाचपल्या आणि गिरमिट टेकवलं. डोळे मिटलेलेच होते. सगळी भोकं एका ओळीत आली. तिसरी पट्टी जळणात गेली नाही.

त्याच दिवसांत त्यांनी वायरमनकडून बटणांचा बोर्ड दाराजवळून काढून आपल्या बाकाशेजारी, बसल्या हाताला येईल असा खाली लावून घेतला, आणि माझ्या पाटावर एक वेगळा दिवा टांगून घेतला. "मला आता दिवा नसला तरी चालतंय," म्हणाले, "पन तुला लागंल. तू आली की मी लावीन." आणि तेव्हापासून तसंच. माझ्या बांगड्या वाजल्या, की मी उंबऱ्यात पोचायच्या आधी आत दिवा लागलेला असायचा.

बारशाच्या दिवशी पाळणा ओसरीत टांगला. मुलगी झाली होती. बायका गोळा झाल्या, घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवलं. मंदाताई म्हणाल्या, "आबा, नातीला बघा की." मामा पाळण्यापाशी आले. त्यांनी आधी दांड्यांवरून हात फिरवला, प्रत्येक दांड्यातल्या फटीत दोन बोटं घालून पाहिली, आणि मग नातीच्या तोंडावरून. "बारीक हाय," म्हणाले, "पन पाय न्हाई अडकायचा." मंदाताई सासरी निघाल्या आणि पाळणा टेम्पोत चढला, तेव्हा लेकीपेक्षा त्यांनी त्यालाच जास्त वेळ हात लावून ठेवला होता. मंदाताई चिडवून म्हणाल्याही तसं.

पुढे नजर गेली ती गेलीच. आधी माणसं गेली, मग दाराचा चौकोन गेला, शेवटी दिवस आणि रात्र. कारखाना मात्र सुटला नाही. संध्याकाळचा स्वयंपाक चढवायच्या आधी मी घटकाभर जायची. रेघ मी कोरायची, लाकूड त्यांनी कापायचं. पाट झाले, पोळपाट झाले, एक दोन पाळणेही झाले. हळूहळू खिळा जाऊन कोरायची पटाशीही माझ्या हातात आली. आम्ही भांडायचो, त्याचा शेजारणीला आवाज जायचा, आणि ती समजायची की काम चालू आहे.

गेल्या थंडीत मामा गेले. चार दिवस ताप काय आला आणि संपलं. मंदाताई मुलीला घेऊन आल्या, तेरावा झाला, पाहुणे पांगले. त्या संध्याकाळी ह्यांनी मामांचा फोटो फ्रेम करून आणला आणि टांगायला खिळा मागितला. खिळे कारखान्यात. मी गेले, कडी काढली आणि उंबऱ्यात उभी राहिले. क्षणभर मला कळेना, मी कशासाठी थांबले आहे. मग कळलं. दिवा लागायची वाट बघत होते.

मोबाईल घरात चार्जिंगला होता. सवयीने हात दाराशेजारी गेला, तर तिथे बोर्ड काढल्याची बुजवलेली जागा. बोर्ड हलवल्यापासून इतक्या वर्षांत त्या खोलीत एकही बटण मी दाबलं नव्हतं. मग बाक धरत, रंध्याला हात लावत, पायाने आधी चाचपत मी आत गेले, जसे ते चालायचे तशी. त्यांच्या जागेवर बसले आणि भिंतीवरून हात खाली नेला. बोर्ड सापडला, बटणं सापडली. कोणतं दाबावं म्हणून बोटं फिरवत होते, तर एका बटणाखालच्या लाकडात अंगठ्याला खाच लागली. सरळ, खोल, पटाशीने कोरलेली रेघ.

दाबलं. माझ्या पाटावरचा दिवा लागला.

उजेडात मी बोर्ड नीट पाहिला. फोकस, दोन ट्यूबा, त्यांच्या बाकावरचा दिवा, सगळ्यांची बटणं होती तिथे. त्यांच्याखाली मामांनी काहीच कोरलं नव्हतं.