माझ्या वेळेतला दुभाषा

"निवडून आलात, तर जुन्या साड्यांवर रस्ते देणार का हो?"

दुसऱ्या रांगेतल्या बाईंनी माइकवरून विचारलं आणि हॉल हसला. मंचावर आम्ही तिघं उमेदवार. शेजारचे वकीलसाहेब हसले. कार्यक्रम चालवणारे अनंतराव हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही किळस येते.

टोमणा कशावरून होता ते सगळ्यांना माहीत होतं. माझी आई बोहारीण. जुने कपडे घ्यायची, भांडी द्यायची. हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या जुन्या मराठी घरांच्या पायऱ्यांवर मी तिच्याबरोबर बसलेली आहे. घरातल्या बायका साडी उंबऱ्याच्या आतून फेकायच्या. पातेलं मात्र हातात मागायच्या. पुढे मी डोक्यावरची पाटी उतरवली आणि गौलीगुड्यात स्टीलच्या भांड्यांचं दुकान काढलं. घासाघीस करत, भांडत, कुणाच्या शिफारशीशिवाय. आमच्या गल्लीत नाला तुंबतो आणि घाण पाणी घरांत शिरतं. कुणी ऐकत नाही म्हणून कार्पोरेटरकीला अपक्ष उभी राहिले.

मतदानाआधी अपार्टमेंटवाल्यांच्या असोसिएशनने बोलावलं. पत्रिकेवर ‘टाउन हॉल’ असं छापलेलं. म्हणजे भाषण नाही. लोक थेट विचारणार, उमेदवार थेट सांगणार. मला वाटलं, हे तर माझंच काम. आयुष्यभर दारोदार दुसरं काय केलं? अनंतराव फोनवर म्हणाले, "ताई, भाषेची काळजी नको. तुम्ही मराठीत बोला, हैदराबादीत बोला. मी इंग्रजीत सांगेन." आपल्या भाषेचा माणूस, निवृत्त अधिकारी. मी विश्वास ठेवला. अटी न विचारता हो म्हणाले. दुकानात असं कधी केलं नसतं.

अटी मंचावर कळल्या. उत्तराला दोन मिनिटं. उमेदवाराने उलट विचारायचं नाही. आणि अनंतरावांचं भाषांतर माझ्याच दोन मिनिटांत.

पहिला प्रश्न नाल्याचा आला. मी सांगू लागले. अपार्टमेंटचं सांडपाणी कुठे सोडलंय, ते कुणाच्या घरात निघतं, पाइप कुठून फिरवायला हवा. अनंतरावांनी हात वर करून मला थांबवलं, इंग्रजीत एक वाक्य बोलले आणि घंटी वाजली. माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे, पण तेवढं कळलं. बाई मेहनती आहेत, गरिबांबद्दल त्यांना फार वाटतं, असं ते म्हणाले होते. पाइप गेला. अपार्टमेंट गेलं. उरली एक रडवेली बाई.

त्याच प्रश्नावर वकीलसाहेब स्टूलवरून उठले, माइक घेऊन रांगांमधून फिरले. विचारणाऱ्याचं नाव घेतलं, "फार चांगला प्रश्न" म्हणाले. नाला नेमका कुठे आहे ते सांगितलंच नाही. टाळ्या पडल्या. तो खेळ त्यांच्याच मापाने शिवलेला होता. मला समोरच्याला विचारावं लागतं. तुम्ही काय देता, मी काय देते, असं बोलता बोलता भाव ठरतो. सौद्यात दोघं बोलतात. इथे माझं अर्धं तोंड बांधलं होतं आणि लोक बघत होते की बाईला बोलता येत नाही.

मग तो साड्यांचा प्रश्न. "ताई रागावतील हं," असं म्हणत अनंतरावांनी त्याचं इंग्रजी केलं. ते मात्र पूर्ण. शब्दन् शब्द. हॉल दुसऱ्यांदा हसला.

माझं हसू तोंडातच मेलं.

दुकानापुढे फुलं विकणारी यादम्मा प्रचारात माझ्याबरोबर फिरली होती. ती मंचाखालून हात हलवत होती. "गुस्सा नक्को, अक्का! कॅमेरा चालू है!"

मी उठले. अनंतरावांच्या हातातला माइक ओढून घेतला.

"माझं बोलणं तुम्हाला विकलेलं नाही," त्यांना म्हणाले. मग त्या बाईंकडे वळले. "बाई, रस्ता देते. साडी ठेवा तुमची. तुमच्या अपार्टमेंटचा पाइप आमच्या गल्लीतून हटवून द्या. बोला, देता?"

बाई अनंतरावांकडे बघू लागल्या.

"उलट विचारायचं नाही, ताई. फॉरमॅट आहे."

"ज्या सौद्यात उलट विचारायचं नाही, त्याला मी भीक म्हणते."

माइक स्टूलवर ठेवून मी खाली उतरले.

संध्याकाळी क्लिप फिरली. मी माइक हिसकावते आहे, एवढीच. साड्यांचा प्रश्न कापलेला. पाइपही कापलेला. खाली लिहिलेलं, ‘असल्या बाईला मत देणार?’ नाही दिलं. वकीलसाहेब आले निवडून. नाला तिथेच आहे.

निकालानंतर अनंतराव दुकानात आले. कुकर हवा होता.

"ताई, दम आहे तुमच्यात. थोडं शांत राहायला शिकलात, तर पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी उभी राहणारच आहे," मी म्हणाले. "टाउन हॉल माझ्या गल्लीत, नाल्याच्या काठावर. खुर्च्या माझ्या. वकीलसाहेबांनी खुशाल इंग्रजीत बोलावं. यादम्मा गल्लीला तेलुगूत सांगेल, आणि तिचा वेळ त्यांच्या दोन मिनिटांतून जाईल. उलट विचारायला कुणालाच बंदी नाही. त्या साडीवाल्या बाईंनाही घेऊन या."

अनंतरावांना ती गंमत वाटली. ते हसले.

मी हसले नाही. कुकर पूर्ण भावात दिला.