ओमेश्वरीचा ड्रोन, कुंजीलालकाकांचा पंप

आमच्या बिरसीत दिवसभर डोक्यावर विमानं घिरट्या घालतात. कुठकुठली पोरं इथल्या विमानतळावर येऊन विमान चालवायला शिकतात. पण गावच्या ओमेश्वरीचा ड्रोन या आभाळात वीतभर चढत नाही. विमानतळाजवळ परवानगीवाचून ड्रोन उडवायचा नाही, असा नियम. बचत गटाने तिला फवारणीच्या ड्रोनचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा हे ना गटाला सुचलं, ना तिला, ना आम्हा शहाण्यांना. आम्ही हार घेऊन उभे होतो.

ती शिकायला गेली ती सासऱ्यासाठी, आमच्या कुंजीलालकाकांसाठी. दोन वर्षांपूर्वी काका पाठीवरच्या पंपाने धानावर औषध फवारताना बांधीतच, धानाच्या वाफ्यातच, कोसळले. चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी पंपाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. नवरा धनेंद्र भिलाईला कारखान्यात. तेव्हाच तिने ठरवलं, हा पंप पुन्हा म्हाताऱ्याच्या पाठीवर चढू द्यायचा नाही.

यंदा ऑक्टोबरात धानावर तुडतुड्याची कीड पडली आणि फवारायला मजूर मिळेना. परवानगीचा अर्ज महिनाभर पडून. रोज उठल्याबरोबर ती मोबाईलवर बघते, परवानगी नसते, मग चहा ठेवते आणि ड्रोन घेऊन बाहेरगावी फवारायला जाते. त्या गुरुवारी काकांनी चहाचा कप तसाच ठेवला.

"दुनियेचा धान वाचवून राहिली तू. आपला काऊन नाही?"

तिने ड्रोनची पेटी भरायला घेतली. निघताना तिने गल्लीतल्या दारोदार सांगितलं, मामाजींच्या, म्हणजे सासऱ्याच्या, पाठीवर कोणी पंप चढवून देऊ नका. भरलेला पंप त्यांना एकट्याने पाठीवर घेणं होत नाही, हे तिला माहीत होतं. मलाही सांगितलं. मी शब्द दिला.

त्या दिवशी दवनीवाड्याला फवारणीचं काम होतं. सोबत गटातली सुखवंता, ई-ऑटो चालवायला. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हाच उडवायचं. बॅटरी लावायची, औषध मोजायचं, बांधीचा नकाशा आखायचा. सात मिनिटांत एकर होतो. लोक व्हिडिओ काढत होते. ओमेश्वरी मात्र दर फेरीनंतर घरी फोन लावत होती आणि तो कोणी उचलत नव्हतं. एका फेरीत ड्रोन शेजारच्या बांधीवर गेला. सुखवंता चिडली. म्हणाली, लक्ष कुठे आहे तुझं?

अकराला वारा सुटला. दुसरी पाळी चारला असते. तिने ती सोडली. शेतकरी कुरकुरले, ती थांबली नाही.

घरी आली तर खुंटीवर पंप नव्हता. ती तशीच शेताकडे पळाली. मी माझ्या बांधीतून बघितलं आणि मागे गेलो.

काका धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, बसलेले. समोर भरलेला पंप.

"सकाळपासून बसून आहो," ते म्हणाले. "एकानंबी हात नाही लावला. तूच सांगितलं ना?"

तिने मान हलवली आणि त्यांच्या शेजारी बसली. जिवात जीव आला, पण नजर धानावर गेली. बांधीच्या कोपऱ्यात धान गोल गोल करपून बसला होता. आणखी चार दिवस थांबलं तर खळ्यावर दाण्याविना नुसती तणीसच न्यावी लागेल. ती उठली. ड्रोनच्या पेटीतले हातमोजे, मास्क चढवले आणि सासऱ्याकडे पाठ केली.

"मले चढवून द्या, मामाजी."

काका हलेनात. "यासाठी शिकली का तू?"

"द्या चढवून."

त्यांनी पंप उचलून तिच्या पाठीवर ठेवला.  ती बांधीत उतरली. काका धुऱ्यावरून तणसाची काडी सोडून वारा बघू लागले आणि औषध तिच्या अंगावर येऊ नये म्हणून कुठे वळायचं ते सांगू लागले. हे तिनेच त्यांना शिकवलं होतं. वर विमान घिरट्या घालत होतं.

मला लाज वाटली. सकाळी काका पंप चढवून दे म्हणत माझ्याही दारी आले होते. मी पाठ दुखते म्हणालो होतो. दिलेला शब्द पाळला, एवढंच. त्यांच्या बांधीत दोन पंप मारून देतो, हे तोंडातून निघालं नव्हतं. माझा स्वतःचा धान फवारायचा होता ना.

मी घरून माझा पंप आणला, भरला आणि काकांपुढे पाठ करून उभा राहिलो. त्यांनी तो चढवून दिला. दुखणाऱ्या पाठीचं त्यांनी काही विचारलं नाही.