चिठ्ठी कोण पोचवणार?

पाटात गाळ साचतो तसे किस्से साचतात. पाणी वाहतं तोवर काही दिसत नाही. एक दिवस पाणी बंद होतं आणि खाली गुडघाभर गाळ दिसतो! परवा जुन्या वह्या उन्हात टाकायला काढल्या, तेव्हा माझंही तसंच झालं.

अंथुर्ण्याजवळ पाटाच्या चौकीवर माझी नोकरी. सकाळ-संध्याकाळ पट्टीवर पाणी किती फूट किती इंच आहे ते वाचायचं आणि वहीत लिहायचं. शाळा चौथीपर्यंतच झालेली; पुढचं लिहिणं या वहीनंच शिकवलं. पाण्याच्या आकड्याखाली दिवसाच्या दोन ओळी लिहायच्या, ही मला लागलेली खोड.

आसपासच्या गावांत मिळून आम्ही ख्रिस्ती माणसं पाच. कळंबला याकोबतात्यांच्या ओसरीवर दर रविवारी जमायचो. पाळकसाहेब बारामतीहून महिन्यातून एकदाच यायचे. मग इतर रविवारी उपदेश कोण करणार? तात्या जन्मभर गवंडीकाम केलेले. त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला आणि माझं अक्षर बरं म्हणून माझ्याकडून शास्त्रातली वचनं चिठ्ठ्यांवर लिहून घेतली. दर रविवारी मी यादीतली नावं वाचायची, प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची, आठवडाभर ती जवळ बाळगून मनन करायचं आणि पुढच्या रविवारी उभं राहून त्या वचनानं काय घडलं याची एका वाक्यात साक्ष द्यायची.

जो आला नाही त्याचीही चिठ्ठी निघायची. ज्याचं घर त्याला सगळ्यात जवळ, त्यानं ती पोचवायची आणि त्याची साक्ष घेऊन यायची. तात्यांचा नियम होता, "यादीतल्या माणसाची चिठ्ठी डब्यात मागं ऱ्हाता कामा न्हाय!"

*

पहिल्याच महिन्यात खुद्द तात्यांना वचन निघालं ते खोल खणून खडकावर घर बांधणाऱ्याचं. आता गवंड्यालाच हे निघावं!

तात्या तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी गावातल्या बागायतदार आबांकडे गेले. त्यांचं घर तात्यांनीच बांधलेलं.

"आबा, पाया कंबरभर खणायचा ठरला हुता. म्या गुडघाभर खणलाय."

आबा ऊस तोलल्यासारखे त्यांच्याकडे बघत राहिले. "घर बांधून किती वर्सं झाली?"

"बारा."

"पडलं का?"

"न्हाय."

"मग आज कशाला सांगताय?"

रविवारी तात्यांनी साक्ष दिली, "मन हलकं झालं." पण तो सगळा पावसाळा आबांनी खाट गोठ्यात टाकली! पुढं वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "तात्या, तुमाला झोप लागली, माझी गेली. पुन्यांदा असलं काय वाचलं तर माझ्या दारात येऊ नका!"

घर अजून उभं आहे.

*

मार्थाबाई वरकुट्याच्या. बांधाच्या आतबाहेर वांगी-मिरच्या लावून बाजाराला न्यायच्या. त्यांना शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं वचन निघालं आणि त्याच आठवड्यात शेजारणीच्या शेळीनं वांग्याचा एक वाफा फस्त केला!

मार्थाबाईंनी पदराच्या गाठीतली चिठ्ठी चाचपली, राग गिळला आणि उरलेल्या वांग्यांची पाटी भरून शेजारणीच्या दारात नेऊन ठेवली.

शेजारीण हरखली. "अगं बया! तरीच म्हनलं, शेळी रोज तिकडंच का वढ घेती! लई ग्वाड हायती."

मार्थाबाईंनी साक्ष दिली नाही. डब्याकडं बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "आवंदा जरा माझ्या बाजूचं काय तरी निघू द्या!"

दोन वर्षांनी त्यांची नजर गेली. लेक येऊन त्यांना सोलापूरला घेऊन गेली. जाताना त्यांनी गाठ सोडून शेवटची चिठ्ठी माझ्या हातात दिली. "मला वाचता कुठं येतंय आता," म्हणाल्या. तशी ती त्यांना कधीच वाचता येत नव्हती. आम्ही वाचून दाखवायचो आणि त्या पाठ करायच्या. हे त्याही विसरल्या होत्या आणि मीही.

*

दावीदराव साखर कारखान्यात बॉयलरवर होते. बोलायला लागले की भोंगासुद्धा ऐकू येऊ नये! त्यांना निवांत राहण्याचं वचन निघालं. गड्यानं आठ दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमानं त्यांना दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, "आ करा." दावीदरावांनी आ केला. "आता काही बोला." दावीदरावांनी खिशातली चिठ्ठी काढून डॉक्टरांपुढं धरली!

त्यांना पुण्याला नोकरी लागली. पोचवण्याचा नियम होताच. मी दर सोमवारी त्यांचं वचन कार्डावर लिहून टपालात टाकायचो. आधी उत्तर पानभर यायचं. मग चार ओळी. मग नुसतं, "पोचलं. बरं आहे." मग तेही नाही. मी आणखी पाच महिने कार्डं टाकली.

*

आता राहेल. माझी बायको. तिला धीराचं वचन निघालं होतं.

पुढच्या रविवारी ती उभी राहिली. "आठ दिस धीर धरून बघितलं. ह्यांच्या वहीत पाण्याचा इंच न इंच हाय. कुनाची शेळी, कुनाचं घर, सगळं हाय. पहिल्या पानापासनं शेवटापतुर बघितलं. माझं नाव कुठंच न्हाय!"

ओसरी हसून हसून बेजार. मीही हसलो. घरी आलो, पट्टी वाचली, पाणी लिहिलं, खाली दोन ओळी लिहिल्या. "आज राहेलनं" असं नाही, "आज ओसरीवर फार हसू झालं" असं.

आणे जाऊन नवे पैसे आले त्याच्या आदल्या पावसाळ्यात ती विषमज्वरानं गेली.

*

त्यानंतरच्या रविवारी मी यादी वाचायला घेतली. तोंडात बसलेली यादी! याकोब. मार्था. दावीद. राहेल.

त्या वेळी मार्थाबाई आणि दावीदराव अजून इथंच होते. दोघांनी माना खाली घातल्या. मला नाव खोडताही येईना आणि पुढं जाताही येईना.

तात्यांनी डबा हलवला, एक चिठ्ठी काढली आणि माझ्या मुठीत दाबली. "आली न्हाय ती. ज्याचं घर जवळ, त्यानं पोचवायची."

तेव्हापासून माझ्याबरोबर दोन चिठ्ठ्या घरी यायला लागल्या. तिची मी तिच्या सुईदोऱ्याच्या डबीत ठेवायचो. रविवारी उभा राहून सांगायचो, "राहेलची साक्ष आलेली नाही." तात्या म्हणायचे, "बरं. येईल. फुडं."

*

शेवटी ओसरीवर तात्या आणि मी, दोघंच उरलो. अशात एका रविवारी पाळकसाहेब एस.टी.नं आले. चहा घेऊन म्हणाले, "भास्करराव, वरून पत्र आलंय. जिथं तीन माणसंही नाहीत, तिथली उपासना बंद करायची. तुम्ही बारामतीला येत जा."

मला दोन्ही वेळची पट्टी सोडून बारामती गाठता येत नव्हती. तात्यांना तर ओसरीची पायरी उतरवत नव्हती. ऐंशी ओलांडलेली, हिवाळ्यापासून खोकला छातीत बसलेला. म्हणजे रविवारीही मी आणि पट्टीच. आठवड्यातले सहा दिवस मी कुणाशी बोलत नसे.

तात्या म्हणाले, "तिघं हायती की."

"तिसरं कोण?"

"वही बघा."

साहेबांनी माझ्या काखेतली पाण्याची वही ओढून घेतली. मोठ्यानं वाचायला लागले. "पाणी चार फूट दोन इंच. राहेल. पाणी चार फूट. राहेल. पाणी तीन फूट अकरा इंच. राहेल." पानं उलटत गेले. आवाज हळू होत गेला. "हे रोज?"

"उशिरा सुरू केलं, साहेब."

त्यांनी वही मिटली. "भास्करराव, गेलेल्या माणसाची चिठ्ठी काढत नाहीत. शास्त्रात असं कुठं आहे?"

तात्या म्हणाले, "शास्त्रात बिस्किटाचा डबाबी न्हाय, साहेब. आन् आली न्हाय म्हंजी न्हायच, असं तरी शास्त्रात कुठं हाय?"

साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी स्वतःच डबा जवळ ओढला, हलवला. एक चिठ्ठी तात्यांना दिली, एक मला. तिसरी काढून मनातल्या मनात वाचली आणि हातातच धरून ठेवली.

"ही पोचवणार कोण?"

मी सवयीनं हात पुढं केला. तात्यांनी तो धरून खाली ठेवला.

"तुमचं घर लांब हाय अजून, भास्करराव. माझं जवळ आलंय. द्या हिकडं!"